बेरिल-मेची उघडी नोंद

मर्व टॉनकिन रविवारी न्हाणीघरात घसरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून गुरुवारची पाळी नोलीन पॅस्कोकडे आली. नाहीतर गेली एकवीस वर्षं पोर्ट वेनलॉकच्या होड्यांच्या रेडिओवर गुरुवारी दुपारी मर्वखेरीज दुसरं कोणी बसलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा त्याने गुरुवार सोडला नाही. बाकीच्या वारांना तो हसत पाळ्या बदलून देई, पण गुरुवारचं नाव काढलं की म्हणायचा, "तेवढा माझा राहू दे." एक्याऐंशी वर्षांच्या माणसाची खोड, म्हणून कोणी फार खोदून विचारलं नाही.

नोलीन एकसष्ट वर्षांची. गावातल्या शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. कागदपत्रांत तिचा हात चांगला, म्हणून रेडिओ चालवणाऱ्या मंडळाने नव्या कॉम्प्युटरचं कामही तिच्याच गळ्यात घातलं होतं. जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं आणि जुना बंद करून टाकायचा.

काम काही अवघड नव्हतं. खाडीतून बाहेर पडणारी प्रत्येक होडी निघताना रेडिओवर सांगे: नाव काय, माणसं किती, परत कधी. टेकाडावरच्या पत्र्याच्या खोलीत बसलेला माणूस ते कॉम्प्युटरवर लिहून घेई. होडी परत आली की पुन्हा कळवायची, की नोंद बंद. वेळ टळून गेली आणि नोंद उघडीच राहिली, तर शोध सुरू करायचा. एवढंच. पण या एवढ्याशा कामाच्या भरवशावर गावातली घरं निर्धास्त असत.

तो जुलैचा, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातला गुरुवार होता. बारा वाजल्यापासून धुकं उतरत होतं. सकाळी गेलेल्या दोनच होड्या, त्याही धुक्याला भिऊन एकच्या आत परतल्या. नोलीनला वाटलं, बरंच झालं, आता कोणी मध्ये बोलावणार नाही. तिने हीटर लावला, बेकरीतून आणलेली मांस-बटाट्याची पेस्टी त्याच्यावर गरम करत ठेवली आणि केबल सोडवायला बसली.

जुना कॉम्प्युटर टेबलाखाली होता. मूळचा पांढरा, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला. सुरू केला की आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकी आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरे. नवा म्हणजे वहीएवढी काळी डबी, आवाज नाही की काही नाही. तिने दोन्ही केबलने जोडले आणि अ‍ॅडलेडच्या दुकानातल्या क्वॉक नावाच्या माणसाला फोन लावला. तो एकेक पायरी सांगत गेला. आधी होड्यांची यादी आली, चारशे अकरा नावं. मग घरच्यांचे फोन नंबर आले. मग रेडिओच्या खुणा, धोक्याच्या घंटांच्या वेळा. शेवटी एकवीस वर्षांच्या नोंदी. स्क्रीनवरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. नोलीनने पेस्टी खाल्ली, चहा केला. खिडकीबाहेर आधी जेट्टी दिसेनाशी झाली, मग खालचा रस्ता. किनाऱ्यावर साचून कुजणाऱ्या समुद्री गवताचा वास धुक्याबरोबर फटीतून आत येत होता.

चार वाजता पट्टी थांबली. स्क्रीनवर एक ओळ आली: एक नोंद अजून उघडी आहे.

नोलीनने ती उघडली. होडी, बेरिल-मे. माणसं तीन. निघाली सकाळी साडेसातला, परत येणार दुपारी साडेचारला. तारीख एकवीस वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारची.

बेरिल-मे माहीत नाही असं गावात कोणी नव्हतं. कोलिन क्लाइनिग आणि त्याची दोन पोरं, रॉस आणि शेन. व्हायटिंग मासे धरायला गेले, असंच धुकं आलं, आणि परत आले नाहीत. नऊ दिवस शोध चालला होता. होडीचा तुकडासुद्धा हाती लागला नाही. घरी कोलिनची बायको लोरेन तेवढी उरली. रॉस तर नोलीनच्या डोळ्यांसमोर वाढलेला. उशिरा येणाऱ्या पोरांच्या चिठ्ठ्या तीच लिहायची, आणि रॉसच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त. तिच्या टेबलासमोर उभा राहून, 'व' वर जरासा अडखळत, रोज नवी सबब सांगायचा.

त्या नोंदीखाली आणखी ओळी होत्या. नोलीन खाली खाली सरकवत गेली. ओळी संपेनात. प्रत्येक ओळीवर गुरुवारची तारीख, वेळ साडेचार, आणि पुढे एकच मजकूर: 'परतीची वेळ एक तास वाढवली. म. टॉ.' हजाराच्या वर ओळी. शेवटची गेल्याच गुरुवारची.

तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बिचाऱ्याच्याने ती नोंद बंद करवली नाही. त्या दिवशी पाळीवर तोच होता ना. दर गुरुवारी इथे येऊन त्यांना आणखी एक तास देत बसला.

क्वॉकने सांगितलं की नवा प्रोग्रॅम वेळ टळलेली नोंद तशीच आत घेत नाही. 'परत आले' म्हणायचं किंवा 'आले नाहीत'. 'आले नाहीत' म्हटलं तर पोलिसांना आणि बचावाच्या होडीला लगेच घंटा जाईल आणि पुढे तासातासाला जात राहील. "तुम्ही 'परत आले' करून टाका," तो म्हणाला. "नोंदीपुरतंच आहे. शेरा मागाहून लिहिता येईल."

नोलीनला ते बरं वाटेना. तिने मर्वला विचारावं म्हणून इस्पितळात फोन केला. नर्स म्हणाली, औषध दिलंय, झोपलाय, पाचनंतर करा. क्वॉकलाही पाचला दुकान बंद करून घरी जायचं होतं. मग तिने 'परत आले' वर बोट ठेवलं. पट्टी झरकन शेवटाला गेली. सगळं आल्याची खात्री करून क्वॉकने जुना कॉम्प्युटर बंद करायला सांगितला. तिने केला. पंख्याची धाप थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. नव्या स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरं उमटली, 'निरोप पाठवला', आणि विझली. ती कसली, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

बरोबर साडेचारला रेडिओ खरखरला.

"वे... वेनलॉक, बेरिल-मे."

नोलीन खुर्चीत होती तशीच राहिली. कोणी चेष्टा करतंय, हा पहिला विचार. पण त्या 'व' वर अडखळणं तिने बारा वर्षं ऐकलं होतं.

"आज आलो म्हणून लिहिलंय ना?" आवाज शांत होता, थोडा दमलेला. "मग येतो आत."

तिचा हात माईककडे गेला आणि मध्येच राहिला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मर्व होता. त्याच्या आवाजात झोप होती, औषध होतं, आणि त्याखाली घाई होती.

"नोल, रेडिओ वाजला का?"

"वाजला."

"घाबरू नको. आत यायचं का विचारतात. दर गुरुवारी विचारतात. धुकं फार आहे, एक तास थांबा, एवढंच सांगायचं. आणि तसं लिहून ठेवायचं. मग पुढच्या गुरुवारपर्यंत काही नाही."

"मर्व... मी नोंद बंद केली."

पलीकडे मर्व उठून बसायला धडपडल्याचा आवाज आला.

"काय म्हणून?"

"परत आले म्हणून."

मर्वने हळूहळू सांगितलं. शोध थांबल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी त्याला हाक आली होती. तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. या, या, म्हणाला, आणि हातातला छोटा रेडिओ घेऊन खाली होड्या उतरवायच्या उतारावर धावला. धुक्यात इंजिनाचा आवाज जवळ येत होता. नेहमीच्या सवयीने त्याने विचारलं, माणसं किती. साधा प्रश्न. रॉस लगेच काही बोलला नाही.

"मग म्हणाला, थांब, मोजून सांगतो." मर्व सांगत होता. "एवढीशी पत्र्याची होडी, नोल. गुडघ्याला गुडघा लावून बसतात तीन माणसं. त्यात मोजायचं काय होतं? ... आणि मोजायला वेळ लागला त्याला. मी ऐकत होतो. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. मी म्हटलं, येऊ नका. एक तास थांबा. तेव्हापासून तेच म्हणतोय."

नोलीनने माईक दाबला. "बेरिल-मे, वेनलॉक. धुकं फार आहे. एक तास थांबा."

खरखर. मग रॉस, आता जवळून बोलल्यासारखा.

"नको आता. आई आलीये खाली. दिवे दिसतायत गाडीचे."

नोलीन खिडकीशी गेली. खाली उताराच्या बाजूला धुक्यात दोन पिवळे गोळे उभे होते. मग तिला ती बारीक अक्षरं आठवली. होडी परत आली की नवा कॉम्प्युटर घरच्यांना आपोआप कळवणार होता. आणि लोरेनने एकवीस वर्षांत आपला फोन नंबर बदलला नव्हता. आज तिच्या हातात निरोप पडला असणार: बेरिल-मे परत आली. माणसं तीन. सुखरूप.

ती फोन तसाच टाकून गाडीकडे धावली. टेकाडावरून खाली यायला एरवी पाच मिनिटं पुरतात. धुक्यात रस्त्याची पांढरी रेघ चाचपडत येताना पाव तास गेला. उतारावर कोणी नव्हतं. पाणी शांत होतं, पण काठाशी जाड लाटा अजून हेलकावत होत्या, नुकतंच काही बाहेर ओढून काढल्यासारख्या. पेट्रोलचा वास होता. ओल्या चाकांचे चार पट्टे उतार चढून रस्त्याला लागले होते, गाडीचे दोन आणि ट्रेलरचे दोन. होडी वाहायचा लोरेनचा ट्रेलर तिच्या शेडमध्ये एकवीस वर्षं उभा होता. त्याच्या चाकांत दर महिन्याला हवा भरते म्हणून गावातली माणसं तिची कीव करत.

घरापर्यंत ते पट्टे अखंड होते. आवारात गाडी उभी होती. मागे ट्रेलर, त्यावर ताडपत्री घातलेलं काहीतरी लांबट, आणि त्याखालून पाणी ठिबकत होतं. नोलीन तिकडे गेली नाही. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे दिवा होता. आत काटे-चमचे वाजत होते. लोण्यात मासे तळल्याचा वास येत होता, आणि त्या वासाच्या पोटात दुसरा, किनाऱ्यावरच्या गवताचा.

तिने पुढचं दार वाजवलं. दार वीतभर उघडलं आणि फटीत लोरेनचा चेहरा आला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. केस विंचरलेले, ओठांना लाली लावलेली. गालावरून पाणी गेल्याच्या रेघा होत्या.

"आज नको गं नोलीन," ती म्हणाली. "दमलेत सगळे. उद्या ये."

"लोरेन, बाहेर ये. चपला घालू नको, काही नको. माझ्या गाडीत बस."

लोरेनने एकदा आत वळून पाहिलं. मग चेहरा फटीला इतका लावला की तिचा श्वास नोलीनच्या तोंडावर आला.

"चौथा कोण आहे गं?"

नोलीनने तिच्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न केला, पण फट अरुंद होती.

"बोलत नाही. जेवत नाही. अंगावर कोलिनसारखाच कोट आहे." तिचे ओठ जेमतेम हलत होते. "मुलांना विचारलं, हा कोण. तर म्हणतात, आई, तूच ना पाठवलंस याला... आम्हाला शोधायला?"

नोलीनने फटीतून हात घालून तिचं मनगट धरलं. हाताला ऊब होती, नाडी धडधडत होती. लोरेन एक पाऊल पुढे आलीसुद्धा. अजून एक पाऊल, आणि ती बाहेर आली असती. नोलीन ते पाऊल अजून विसरलेली नाही.

"आई, दार लाव ना," आतून रॉस म्हणाला. रोजच्यासारखा, जेवता जेवता. "गार वारा येतोय."

लोरेन थांबली. तिने नोलीनची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाची सोडवावीत तशी.

"एकवीस वर्षांनी काही सांगतोय गं," ती म्हणाली. "ऐकायला नको?"

आणि तिने दार लावलं.

नोलीनने पोलिसांना फोन केला. जवळचं ठाणं चाळीस मिनिटांवर, आणि धुक्यामुळे हमरस्ता बंद. तिथल्या सार्जंटबाईंना ती नीट सांगूही शकली नाही. लोरेनच्या घरी कोणी अनोळखी माणूस आहे, एवढंच म्हणाली. धुकं निवळलं की येतो, असं उत्तर मिळालं. नोलीन थोडा वेळ गाडीत बसून त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिच्याने बसवेना. ती घरी गेली, दारं-खिडक्या लावल्या आणि दिवे जळत ठेवून सोफ्यावर बसून राहिली. पुढे या गोष्टीची तिला इतकी लाज वाटली, की तिने ती कोणाला सांगितली नाही.

सकाळी सातला ट्रेव्हरचा फोन आला. हा माणूस वसंतात गावात राहायला आलेला, रेडिओवर नवाच. नवा कॉम्प्युटर झकास चालतो, हे सांगायला त्याने फोन केला होता. पावणेसातला एक होडी निघाली. नाव टाकलं मात्र, बाकीचं सगळं कॉम्प्युटरने आपोआप भरलं.

"कुठली होडी?" नोलीनने विचारलं.

"बेरिल-मे. एक बाई बोलत होत्या, वयस्कर. माणसं पाच म्हणाल्या. परत कधी विचारलं, तर म्हणाल्या, थांबा, विचारून सांगते. मग काही बोलल्याच नाहीत."

उतारावर लोरेनची गाडी होती, मागची चाकं पाण्यात. ट्रेलर रिकामा होता. धुकं संपूर्ण निवळून आकाश लख्ख निघालं होतं, आणि खाडी पार क्षितिजापर्यंत मोकळी दिसत होती. चार दिवस शोध झाला. विमानं आली, आजूबाजूच्या गावांतल्या होड्या आल्या. एकाकी म्हातारीने जिवाचं बरंवाईट करून घेतलं, असंच शेवटी सगळ्यांनी धरलं. होडी तिला कुठून मिळाली, याचं उत्तर कोणी शोधलं नाही. मर्व त्या महिनाअखेर गेला. नोंद अजून उघडी आहे. नोलीन ती कोणाला बंद करू देत नाही, आणि गुरुवारच्या पाळीवर स्वतः बसते. कोणी विचारलं तर म्हणते, तेवढा माझा राहू दे.

त्या पहिल्या सकाळी मात्र, होडी जाऊन दोन तास झाल्यावर, ती सार्जंटबाईंबरोबर लोरेनच्या घरात गेली होती. मागचं दार सताड उघडं होतं, पण सार्जंटबाई नियमाप्रमाणे पुढच्या दाराने शिरल्या. दार अर्धंच उघडलं आणि मागे कशावर तरी अडलं. त्या अंग चोरून आत गेल्या, मागून नोलीन. स्वयंपाकघर आवरलेलं होतं. ताटं धुऊन पालथी घातली होती. टेबलाभोवती चार खुर्च्या नीट सरकवून ठेवल्या होत्या.

पाचवी पुढच्या दारामागे होती. दाराकडे तोंड करून, फळीला जवळजवळ टेकवून ठेवलेली. त्या खुर्चीत कोणी बसलं, तर त्याचे गुडघे दाराला लागावेत आणि दार वीतभरच उघडावं, इतकी जवळ. आदल्या संध्याकाळी दार वीतभरच उघडलं होतं. नोलीनला तेव्हा वाटलं होतं, की लोरेनने ते पायाने अडवून धरलंय.

सार्जंटबाईंनी खुर्ची बाजूला घ्यायला हात लावला आणि लगेच मागे घेतला. बसायची गादी अजून गरम होती.